उजेडाला धरून

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी एकच काम केलं:
कागद उजेडाला धरायचा.
जलचिन्ह जागेवर, धागा सलग, आकडे रांगेत,
की मग पुढचा.
भोंगा झाला की झडती,
रिकामे खिसे उलटे करून दाखवायचे
आणि सायकल जेल रोडला.

नव्वदच्या भाद्रपदात मेव्हणा आला कुवेतहून,
अम्मानच्या तळावर अठरा दिवस रांगेत काढून.
अंगावर एक शर्ट, आणि मोज्यात
घडी करून ठेवलेले साडेचारशे दिनार.
नाशिकरोडच्या बँकेतल्या साहेबानं बोटही लावलं नाही.
मी घरी ट्यूबलाइटखाली धरले.
ससाण्याचं डोकं स्वच्छ, शाई अस्सल,
कडा अशा कापलेल्या, आमच्या फोरमननं पाठ थोपटली असती.
सगळं बरोबर होतं, निवृत्ती,
फक्त देश नव्हता त्या दिवसांत.

जानेवारीत लढाई लागली.
निवृत्तीला वाटलं, आता नोट जिवंत होणार.
अमेरिका आपल्या साडेचारशे दिनारांसाठीच लढतेय
असं तो मनापासून मानायचा,
मी कधी मोडता घातला नाही.
त्यांची विमानं मुंबईत उतरली, तेल भरून गेली.
फ्रान्सिस पगारे, नंबरिंगचा, युनियनचा,
भज्यांच्या कागदावर बोट आपटून म्हणाला,
"तेल आपण दिलं. कर्ज आता ते देतील. लिहून ठेव."
ते म्हणजे कोण? नाणेनिधी तर सगळ्या देशांचा.
"सगळ्यांचाच. पतपेढी समज.
मतं शंभर. मोठा ठराव करायला पंच्याऐंशी लागतात.
एकाच सभासदाकडे पंधराच्या वर आहेत.
तू मॅट्रिक ना? कर वजाबाकी."
मी केली.
चहावर साय धरली.

कुवेत सुटलं. नव्या नोटा आल्या, जुन्यांना मुदत.
मुदतीचं पत्र आम्हाला मुदतीनंतर मिळालं.

जुलैत रुपया उतरवला,
तीन दिवसांत दोनदा.
त्या तीन दिवसांतही मी पाळीला होतो.
शाई फिकी नव्हती. धागा तुटला नव्हता.
दोष नोंदवायच्या वहीत
असल्या दोषाला रकाना नव्हता.

मग एका रविवारी पगारेनं डॉलर आणला, एकाचा,
शरणपूरला पाहुण्या पाद्रींनी त्याच्या पोराला दिलेला.
"तपास," म्हणाला.
मी भिंग काढलं.
कोरीव काम उत्तम. मागच्या अंगाला गरुड,
एका पंज्यात पानांची डहाळी, एकात बाण,
बाण मोजले, तेरा.
दोन्ही पंजे एकाच शाईत, एकाच दाबात छापलेले.
उजेडाला धरला.
ना जलचिन्ह. ना धागा. काहीच नाही.
आमच्याकडे असा कागद पहिल्याच टेबलावर बाद झाला असता.
"आणि हा जगभर चालतो?"
"धावतो."
"मग ह्याची खात्री छापलीय कुठं?"
पगारे तोंड उघडणार,
तेवढ्यात देवळालीकडं तोफखान्याचा सराव सुरू झाला.
तावदानं वाजली. बशीत कप वाजला.
बायकोनं आतून गॅस बंद केला, का कोण जाणे.
"आपल्या आहेत त्या," मी म्हणालो.
"आपल्याच," तो म्हणाला,
आणि जाताना डॉलर न्यायचा विसरला.

पगारे गेला त्यालाही आता बारा वर्षं झाली.
निवृत्ती सातपूरला पंक्चर काढायचा, आता पोरगा काढतो.
विम्याच्या फायलीत दोन्ही कागद शेजारी शेजारी आहेत.
टीव्हीवर पुन्हा कुठल्या समुद्रात जहाजं उभी राहिली,
कुणाची खाती गोठवली, कुणाला कर्ज कुठल्या अटीवर,
असं काही लागलं की मी उठतो,
दिव्याशी जातो. सवय.

दिनार धरला की ससाणा येतो,
मान वळवून, अजून ताजा.
डॉलर धरला की
पलीकडची माझीच बोटं दिसतात.